मुंबईकराला आधी काटे, मग मतदानाला गाडी : कोरोनाच्या सव्वा वर्षात गावाने राजकारण कसं जोखलं

सोलापूर (ग्रामीण प्रतिनिधी) : जिल्हा परिषद आणि पंचायत समित्यांची मुदत 2022 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये संपणार होती. कोरोनाची दुसरी लाट ओसरते न ओसरते तोच 2021 मध्ये इच्छुकांच्या वाढदिवसाचे फलक चौकाचौकात लागायला सुरुवात झाली होती. फलकावर नेत्याचा हसरा फोटो आणि खाली बारीक अक्षरात "मास्क वापरा, सुरक्षित रहा". फलक वाचणारा माणूस मात्र तोच राहिलेला नव्हता. त्याने सव्वा वर्षात दोन लाटा, एक अतिवृष्टी, एक ग्रामपंचायत निवडणूक आणि पंढरपूर-मंगळवेढ्याची पोटनिवडणूक पाहिली. कुणाच्या घरातला कर्ता गेला, कुणाची बाग झाडावरच वाळली.

या काळात गावाने राजकारणाकडे पाठ फिरवली असं म्हणावं, तर जानेवारीतल्या मतदानाच्या रांगा ते खोटं ठरवतात. विश्वास वाढला असं म्हणावं, तर पारावरच्या गप्पा ते मानत नाहीत. खरं काय ते या दोन्हीच्या मधे आहे.

बाभळीच्या फांद्या

9 मार्च 2020 ला पुण्यात राज्यातले पहिले रुग्ण सापडले. 22 मार्चला जनता कर्फ्यू झाला आणि 24 तारखेच्या रात्री देशभर टाळेबंदी जाहीर झाली. त्यानंतरच्या दोन-चार दिवसांत गावोगावच्या वेशीवर बाभळीच्या फांद्या, दगड आणि बैलगाड्या आडव्या पडल्या. "बाहेरच्यांना प्रवेश बंद" असे पुठ्ठे झाडाला टांगले गेले. बाहेरचे म्हणजे कोण? तर पुण्या-मुंबईत कामाला असलेली याच गावची पोरं, भाऊ, पुतणे. सणाला गावी आले की ज्यांच्या हातातल्या पिशवीकडे सगळं घर बघायचं, त्यांना जिल्हा परिषदेच्या शाळेत चौदा दिवस ठेवलं. डबा कुंपणाबाहेर ठेवून आई मागे फिरायची.

नऊ महिन्यांनी, जानेवारी 2021 मध्ये, त्याच पुणेकर-मुंबईकरांना मतदानासाठी आणायला पॅनेलच्या गाड्या गेल्या. जाण्या-येण्याचा खर्च, वाटेत जेवण, परत सोडायची सोय. तापमान कुणी विचारलं नाही, किती मतं आहेत एवढंच विचारलं. आणि एप्रिलमध्ये दुसरी लाट आली तेव्हा तीच माणसं पुन्हा गावी आली, ती या वेळी शाळेत न थांबता सरळ घरी गेली. मग एकेका घरातली चार-चार माणसं एकदम आजारी पडली.

याला नुसता दुटप्पीपणा म्हणून मोकळं होता येणार नाही. मार्चमध्ये रोग अनोळखी होता आणि व्हेंटिलेटर असलेलं दवाखान्याचं दार बऱ्याच गावांपासून पन्नास-साठ किलोमीटरवर होतं. तेव्हाची भीती वेडी नव्हती. जानेवारीत राज्याचा रोजचा आकडा तीन हजारांच्या आसपास उतरला होता. पाडव्याला, 16 नोव्हेंबरला, मंदिरं उघडली होती. नववीच्या पुढचे वर्ग सुरू झाले होते. कोरोना गेला, असं सगळ्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. तरीही एक गोष्ट उरते. वेशीवरचे काटे टाकताना गावाने कुणाचं ऐकलं नव्हतं आणि ते उचलतानाही कुणाला विचारलं नाही. दोन्ही वेळा निर्णय गावाने स्वतःच्या हिशेबाने घेतला. सरकारचा आदेश त्या हिशेबात एक बाब होती, एकमेव नव्हती.

79 टक्के कशाने झाले?

राज्य निवडणूक आयोगाने 17 मार्च 2020 ला ग्रामपंचायतींच्या निवडणुका पुढे ढकलल्या. तेव्हा 1,566 ग्रामपंचायतींचा कार्यक्रम चालू होता. मुदत संपलेल्या ग्रामपंचायतींवर प्रशासक कोण, यावर उन्हाळा-पावसाळा गेला. पालकमंत्र्यांच्या सल्ल्याने खासगी माणूस नेमायचा बेत होता. त्यावर बोंब झाली, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि शेवटी सरकारी कर्मचारीच प्रशासक झाले. एकेका विस्तार अधिकाऱ्याकडे कितीतरी गावं आली. कोरोनाच्या सगळ्यात बिकट महिन्यांत अनेक गावांना आपला म्हणावा असा कारभारी नव्हता.

11 डिसेंबर 2020 ला कार्यक्रम जाहीर झाला आणि 15 जानेवारीला मतदान झालं. 14,234 ग्रामपंचायती, सव्वा लाखावर जागा आणि रिंगणात 2 लाख 14 हजार 880 उमेदवार. आपल्या जिल्ह्यात साडेसहाशेहून अधिक ग्रामपंचायतींचा कार्यक्रम लागला होता. बिनविरोध झालेली गावं सोडून राज्यात सरासरी 79 टक्के मतदान झालं. महामारीत, थंडीत, तोंडाला मास्क लावून, निम्म्यांचा तो हनुवटीखाली. आणि दुसऱ्याच दिवशी, 16 जानेवारीला, देशात लसीकरण सुरू झालं. लस एक दिवस उशिरा आणि मत एक दिवस आधी, एवढाच तो क्रम.

हे 79 टक्के म्हणजे लोकांचा राजकारणावरचा विश्वास, असा अर्थ मुंबईत काढला गेला. गावात बसलेल्याला तो पटत नाही. ग्रामपंचायतीचा प्रभाग असतो चार-सहाशे मतांचा. निकाल पाच-दहा मतांवर लागतो, कधी समसमान होऊन चिठ्ठीवर जातो. अशा ठिकाणी मतदानाला न जाणं म्हणजे भावकीच्या लग्नाला न जाण्यासारखं आहे. कोण आला आणि कोण नाही आला, हे पाच वर्षं लक्षात ठेवलं जातं. बांधावरून वाट, विहिरीचा हिस्सा, सोसायटीचं कर्ज, रेशनकार्डावरचं नाव, सगळ्याला हीच माणसं लागतात. म्हणून हे मतदान म्हणजे नात्याची हजेरी असते.

त्यात या वेळी दोन नव्या गोष्टी होत्या. थेट जनतेतून सरपंच निवडायची पद्धत 2020 च्या सुरुवातीला रद्द झाली होती आणि सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत निकालानंतर काढायचं ठरलं. आरक्षण कोणतं पडेल हे माहीत नसल्याने प्रत्येक पॅनेलला प्रत्येक प्रवर्गातला दमदार माणूस उभा करावा लागला आणि प्रत्येकाला वाटलं, सोडत आपल्या बाजूची निघेल. दुसरं म्हणजे टाळेबंदीत नोकरी सुटून गावी आलेली पोरं. हातात मोबाईल, वेळच वेळ आणि मनात राग. 1995 नंतर जन्मलेल्यांना सातवी पासची अट होती, ती त्यांना अडचणीची नव्हती. अनेक पॅनेलमधे पंचविशी-तिशीतली नावं आली ती यातून.

पैसाही कमी पडला नाही, आणि हे सगळ्यात जास्त टोचतं. उन्हाळ्यात ज्या गावात किराणा उधारीवर चालला होता, त्याच गावाच्या रस्त्यावरचे ढाबे जानेवारीत रात्री बारापर्यंत चालू होते. नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळी या गावांत तर पदांचा लिलाव झाल्याचं उघड झालं आणि आयोगाने दोन्हीकडची निवडणूक रद्द केली. लिलाव पकडला गेला तो बोली मोठ्याने लागली म्हणून. हळू आवाजात लागलेल्या बोल्यांचं काय, हे ज्याच्या त्याच्या गावाला ठाऊक.

प्रचाराच्या पत्रकांवर काय होतं? गटार, पेव्हर ब्लॉक, हायमास्ट दिवा, स्मशानभूमीची शेड, घरकुल. उपकेंद्रात नर्स राहते का, रुग्णवाहिका किती वेळात येते, गावात ऑक्सिजन मोजायचं यंत्र आहे का, असा प्रश्न पत्रकात शोधूनही सापडत नव्हता. दहा महिने रोगात काढलेल्या गावाने आरोग्य हा निवडणुकीचा विषय केला नाही. एप्रिलमध्ये त्याची किंमत कळली.

टीव्हीवरचं राजकारण आणि हातात पडणारं राजकारण

गावातला माणूस आता राजकारणाचे सरळ दोन भाग करतो. एक टीव्हीवरचं, दुसरं हातात पडणारं.

टीव्हीवरचं त्याने भरपूर पाहिलं, कारण घरात बसून दुसरं काम नव्हतं. 2020 मध्ये एका नटाच्या मृत्यूवर तीन महिने चर्चा झाली. मंदिरं उघडण्यावरून राज्यपाल आणि मुख्यमंत्र्यांचा पत्रव्यवहार गाजला. विधान परिषदेच्या बारा नावांचा घोळ झाला. मार्च 2021 मध्ये मुंबईच्या माजी पोलीस आयुक्तांचं शंभर कोटींचं पत्र आलं. हे सगळं चालू असताना दुधाला लिटरमागे सतरा ते वीस रुपये मिळत होते आणि जुलै-ऑगस्टमध्ये दूध उत्पादक रस्त्यावर उतरले होते. जूनमध्ये एकदम तीन महिन्यांची वीजबिलं आली. सवलतीचा शब्द दिला गेला आणि नोव्हेंबरमध्ये तो मागे घेतला गेला. कांदा जरा चढायला लागला तोच 14 सप्टेंबरला केंद्राने निर्यातबंदी केली. म्हणजे बिलाला मुंबई आणि कांद्याला दिल्ली. शेतकऱ्याच्या लेखी दोन्हीकडचे सरकार एकाच मापाचे ठरले.

पण हाच माणूस सरकारला शिव्या देऊन थांबला नाही. हातात काय पडलं याचा हिशेब त्याने रुपया-रुपयाने ठेवला. मोफत धान्य माणशी पाच किलो, बाईच्या जनधन खात्यावर तीन महिने पाचशे-पाचशे, पीएम किसानचे दोन हजार. हे कुठल्या पक्षाने दिलं यापेक्षा ते पोचलं का, हे महत्त्वाचं. सांगोल्याच्या डाळिंबवाल्यांना विचारा. किसान रेल्वेची शंभरावी गाडी 28 डिसेंबर 2020 ला सांगोल्याहून पश्चिम बंगालमधल्या शालीमारला निघाली आणि पंतप्रधानांनी तिला ऑनलाइन हिरवा झेंडा दाखवला. त्याच शेतकऱ्यांना त्या वेळी दिल्लीच्या सीमेवर कृषी कायद्यांविरोधात बसलेले शेतकरीही टीव्हीवर दिसत होते. रेल्वे चांगली आणि कायद्यावर शंका, या दोन गोष्टी एकाच डोक्यात सुखाने नांदल्या. पक्षाच्या कार्यकर्त्याला हे जमत नाही, साध्या माणसाला जमतं.

ऑक्टोबरच्या अतिवृष्टीत आणखी एक गोष्ट ठळक झाली. 14 ऑक्टोबरच्या पावसाने जिल्ह्यात उभी पिकं वाहून गेली, भीमेला पूर आला. मुख्यमंत्री अक्कलकोट तालुक्यात आले, विरोधी पक्षनेते आले, मोठे नेते बांधावर चिखलात उभे राहिले. दहा हजार कोटींचं पॅकेज जाहीर झालं. जिरायत-बागायतीला हेक्टरी दहा हजार, फळबागांना पंचवीस हजार, दोन हेक्टरच्या मर्यादेत. पैसे कुणाला वेळेत, कुणाला उशिरा आणि कुणाला नाहीच, असं झालं. पण लोकांच्या तोंडी एक तुलना कायमची बसली. पुरात नेता बांधावर येतो, रोगात मात्र त्याचा फोनही लागत नाही.

पंढरपूर : निवडणुकीसाठी थांबलेले निर्बंध

आमदार भारत भालके यांचं 28 नोव्हेंबर 2020 ला निधन झालं. कोरोनातून उठल्यानंतरच्या गुंतागुंतीने ते गेले. त्यांच्या रिकाम्या जागेची पोटनिवडणूक 17 एप्रिल 2021 ला, बरोबर दुसऱ्या लाटेच्या माथ्यावर आली. कोरोनाने रिकामी केलेली जागा कोरोनातच भरायची, असा हा योग.

14 एप्रिलच्या रात्रीपासून राज्यभर "ब्रेक द चेन"चे कडक निर्बंध लागू झाले. आदल्या दिवशीच्या भाषणात मुख्यमंत्र्यांनीच सांगितलं, की पंढरपूर-मंगळवेढ्यात ते निवडणूक पार पडल्यावर लागू होतील. शेजारच्या मोहोळात चहाची टपरी बंद आणि मंगळवेढ्यात प्रचाराची सभा चालू, असं चित्र लोकांनी पाहिलं. लग्नाला पंचवीस माणसांची अट होती. मातीला वीस. सभेला किती, हे कुणी मोजलं नाही. सगळ्या पक्षांचे मोठे नेते आले आणि कुणीही "आम्ही सभा घेणार नाही" म्हणालं नाही. मतदान साधारण दोन-तृतीयांश झालं. 18 एप्रिलला, मतदानाच्या दुसऱ्या दिवशी, राज्यात 68,631 नवे रुग्ण नोंदले गेले. तो तोवरचा सर्वात मोठा आकडा होता. 2 मे ला निकाल लागला आणि भाजपचे समाधान आवताडे 3,733 मतांनी निवडून आले.

तो 68 हजारांचा आकडा पंढरपूरच्या सभांमुळे आला, असं म्हणणं चुकीचं होईल. दुसरी लाट फेब्रुवारीतच अमरावती-अकोल्याकडून उठली होती. पण अशा लाटेत सभा भरवल्या, हे तर कुणी नाकारत नाही. बंगाल आणि तमिळनाडूतही तेच चाललं होतं. मद्रास उच्च न्यायालयाने 26 एप्रिलला निवडणूक आयोगाला सुनावताना तोंडी जे शब्द वापरले, ते इथल्या लोकांनी मोबाईलवर एकमेकांना पाठवले, कारण ते त्यांच्या मनातलेच होते.

नियमाचा धाक गेला तो या पंधरा दिवसांत. मे महिन्यात पोलीस रस्त्यावर पावती फाडायला उभे राहिले, तेव्हा शेतकऱ्याच्या तोंडातलं पहिलं वाक्य ठरलेलं होतं : सभेला का नाही फाडली? या वाक्याला उत्तर नव्हतं. रानातल्या वस्तीवर शंभर-दीडशे माणसांची लग्नं लागली ती याच वाक्याच्या आडोशाने. नियम रोगासाठी आहे की गरिबासाठी, असा संशय एकदा आला की मास्कही पोलिसापुरता राहतो.

घरात बसलेला शेतकरी पाण्यासाठी बाहेर आला

त्याच एप्रिलमध्ये आणखी एक प्रकरण घडलं. 22 एप्रिलला उजनीतून इंदापूरसाठी पाच टीएमसी पाणी उचलण्याच्या योजनेला शासनाची मान्यता निघाली. नाव सांडपाण्याचं होतं. पण उजनीत उरतं किती आणि टेलच्या शेतकऱ्याला मिळतं किती, हे ज्याला माहीत आहे तो त्या नावाने फसणारा नव्हता. पालकमंत्री इंदापूरचेच, त्यामुळे संशय अजून वाढला.

दवाखान्यात बेड नाहीत, रेमडेसिविरसाठी रात्र-रात्र फोन चालू आहेत, अशा दिवसांत जिल्ह्यातले शेतकरी आंदोलनाला उतरले. पक्ष बाजूला ठेवून उतरले. सत्ताधारी पक्षाच्या स्थानिक पुढाऱ्यांनाही गप्प बसता येईना. मे महिन्यातच जलसंपदा मंत्र्यांनी ती मान्यता रद्द केल्याचं जाहीर केलं.

रोगाची भीती मोठी असते, पण पाण्याची भीती तिच्याहून मोठी. आजारातून माणूस उठतो किंवा जातो. पाणी गेलं तर पुढची पिढी जाते, असा इथला हिशेब आहे. यातून एक धडाही मिळाला. संघटित होऊन दबाव आणला की महिन्याभरात सरकार निर्णय फिरवतं. मग हाच दबाव ग्रामीण रुग्णालयातल्या रिकाम्या जागांसाठी का नाही आला? डॉक्टर नाहीत, एक्स-रे आहे तर तंत्रज्ञ नाही, ही तक्रार घराघरात होती. ती रस्त्यावर आली नाही. पाणी सगळ्यांचं एकदम जातं, आजार मात्र एकेका घरात येतो. आपल्या घरातला माणूस बरा झाला की प्रश्न संपला असं वाटतं आणि गेला तर भांडायला बळ उरत नाही.

आकडा आणि अब्रू

या सव्वा वर्षात लपवालपवी झाली, हे मान्य केल्याशिवाय चित्र पुरं होत नाही. पहिल्या लाटेत रुग्ण निघालं की घरासमोर बांबू बांधले जायचे, गल्ली सील व्हायची, दूध डेअरीवर घेईनात, दुकानदार हाताने पैसे घेईना. महिनाभर त्या घराचं नाव निघायचं. त्यामुळे दुसऱ्या लाटेत अंगात ताप असूनही लोक "टायफॉइड आहे" म्हणत गावातल्या डॉक्टरकडून सलाईन लावून घेत राहिले. तपासणीच्या गाडीला दुपारी रान गाठायचं, असंही झालं. तोवर फुप्फुसं भरलेली असायची.

यात पुढाऱ्यांचाही वाटा होता. आपल्या गावाचा आकडा वाढला तर बाजार बंद होईल, नाव खराब होईल म्हणून तपासणी शिबिरच नको, असं म्हणणारे कारभारी होते. प्रशासनाचाही दोष आहे. रुग्ण सापडणं म्हणजे गुन्हा सापडणं, अशा थाटात पत्रे ठोकले, की माणूस लपणारच. भीती घालून शिस्त आणता येते, पण ती पंधरा दिवस टिकते. पुढच्या वेळी माणूस सरकारी गाडी बघूनच पळतो. लसीबद्दलच्या अफवा याच अविश्वासावर वाढल्या. मे महिन्यात गंमत अशी झाली, की गावातला म्हातारा लसीला भ्यायला आणि शहरातली पोरं ऑनलाइन नंबर लावून त्याच्याच आरोग्य केंद्रावर येऊन लस टोचून गेली.

फोन कुणी उचलला?

एप्रिल-मे मधे गावाने पुढाऱ्यांची एक परीक्षा घेतली. तिचा प्रश्न एकच होता : रात्री दोनला फोन उचलला का? बेड मिळवून देणं प्रत्येकाला शक्य नव्हतं, हे लोकांना कळत होतं. पण उचलला, चार ठिकाणी विचारलं, "नाही मिळत दादा, तुम्ही सोलापूरकडे निघा" एवढं सांगितलं, तरी तो पास. बंद लागला तो नापास. यात पक्ष बघितला गेला नाही.

म्हणूनच नगर जिल्ह्यातल्या भाळवणीत कोविड केंद्र काढून तिथेच मुक्काम ठोकणारे पारनेरचे तेव्हाचे आमदार नीलेश लंके दुसऱ्या जिल्ह्यांतल्या मोबाईलमध्येही पोचले. हिवरे बाजारच्या पोपटराव पवारांचं नाव जुनंच आहे, पण कोरोनामुक्त गाव म्हणून ते पुन्हा नव्याने घेतलं गेलं. आपल्या जिल्ह्यासाठी अभिमानाची गोष्ट म्हणजे 30 मे च्या भाषणात मुख्यमंत्र्यांनी पवारांबरोबर मोहोळ तालुक्यातल्या घाटणे गावचे तरुण सरपंच ऋतुराज देशमुख आणि दक्षिण सोलापूरमधल्या अंत्रोळीच्या सरपंच कोमल करपे यांचंही नाव घेतलं. तपासणी करा, रुग्ण वेगळा ठेवा, घरोघर फिरा, यात नवीन काहीच नाही. नवीन होतं ते गावातल्याच कारभाऱ्याने ते न कंटाळता करून घेणं.

त्यानंतर 2 जूनला ग्रामविकास विभागाने कोरोनामुक्त गाव स्पर्धा जाहीर केली. प्रत्येक महसूल विभागात पहिल्या तीन गावांना 50, 25 आणि 15 लाख. बक्षीस चांगलं होतं, पण धोकाही होता. आकडा शून्य दाखवण्यावर बक्षीस असेल, तर शून्य दाखवायला दोन वाटा आहेत. एक रोग घालवणं आणि दुसरी तपासणी न करणं. दुसरी वाट स्वस्त आहे. कोणत्या गावाने कोणती धरली, हे तपासणीचे आकडे मागितल्याशिवाय कळणार नाही.

आशाताईंचा हिशेब

पुढारी पास-नापास होत असताना एक परीक्षार्थी रोज हजर होती. "माझे कुटुंब, माझी जबाबदारी" मोहिमेत पथकाने दिवसाला पन्नास घरं करायची होती. ती आशाताईने केली. बूथवर तापमान मोजायला ती, पॉझिटिव्ह घरात गोळ्या पोचवायला ती, लसीला म्हाताऱ्यांना समजावायला ती. लोकांच्या शिव्याही तिनेच खाल्ल्या, कारण सरकारचं दारात दिसणारं तोंड तेवढंच होतं.

15 जूनपासून राज्यातल्या सुमारे सत्तर हजार आशा संपावर गेल्या. आठवड्याने तोडगा निघाला. जुलैपासून महिना दीड हजारांची वाढ, त्यात हजार मानधन आणि पाचशे कोविड भत्ता. या आठवड्यात गावात काय घडलं? किती ग्रामपंचायतींनी पाठिंब्याचा ठराव केला? किती पुढाऱ्यांनी स्टेटस ठेवला? टाळ्या आणि थाळ्या वाजवल्या तेवढ्या जोरात तरी आवाज निघायला हवा होता. ज्या माणसाचं काम सगळ्यांनी पाहिलं, त्याच्या पगारावर कुणी बोललं नाही. पुढाऱ्याला फोनवर जोखणाऱ्या गावाला हीही गोष्ट स्वतःला विचारावी लागेल.

आता ग्रामसभा कधी?

जानेवारीत 79 टक्के लोकांनी रांग लावून सदस्य निवडले. पण निवडून दिलेल्यांना प्रश्न विचारायची जागा म्हणजे ग्रामसभा, आणि ती कोरोनाच्या कारणाने बराच काळ बंद राहिली. कायद्याने वर्षाला किमान चार ग्रामसभा व्हायला पाहिजेत. सभा भरल्या तरी अनेक ठिकाणी त्या रजिस्टरमधेच भरल्या. मतदानाला गर्दी चालते, सभेला चालते, आणि हिशेब विचारायच्या दिवशीच कोरोना आडवा येतो, हे बरोबर नाही. मैदानात, शाळेच्या पटांगणात, अंतर ठेवून बसता येतं.

तिथे विचारायचे प्रश्न साधे आहेत. पंधराव्या वित्त आयोगाचा किती निधी आला आणि आरोग्यावर किती गेला? त्या निधीतून गावातच विलगीकरण कक्ष करायची मुभा मिळाली होती, आपल्या गावाने तो केला का? ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीत कोण-कोण आहे आणि तिची शेवटची बैठक कधी झाली? फवारणी, मास्क, गोळ्या यांची बिलं कुणाच्या नावाने निघाली? गावचा खर्च ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावर बघता येतो. पोरांच्या हातात मोबाईल आहेच.

2021 मध्ये पुढची निवडणूक जिल्हा परिषदेची होती, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रं जिल्हा परिषदेच्याच ताब्यात आहेत. म्हणजे एप्रिलमध्ये ज्या दारात माणूस ताटकळला, त्या दाराचा मालक निवडायची ती वेळ होती. गट कुणाचा, गण कुणाला सुटणार, आरक्षण काय पडणार, ही चर्चा होणारच होती, ती कुणी थांबवू शकत नव्हतं. पण त्या चर्चेत एकदा तरी विचारलं जायला हवं होतं, की आपल्या आरोग्य केंद्रात मंजूर डॉक्टर किती आणि हजर किती. उजनीच्या पाण्यासाठी जो माणूस संचारबंदीत बाहेर पडला, त्याला एवढं विचारणं अवघड नाही.

2021 च्या मध्यात तिसऱ्या लाटेचा इशारा डॉक्टर देत होते. ती येईल न येईल, पण फलक तर लागलेच होते. फलकावरच्या माणसाने एप्रिलमध्ये फोन उचलला होता का, हे ज्याचं त्याने आठवायचं.